टँकर कोणत्या रकान्यात?

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मिळून ठेवतात त्या पेयजलाच्या जागतिक तक्त्यात देश शेजारी शेजारी बसवणं ही तशी अलीकडची गोष्ट. १९८१ ते १९९० हे पेयजल दशक म्हणून पार पडलं, पण तेव्हाचे आकडे सरकारांनीच कळवलेले असत आणि प्रत्येकाचा निकष वेगळा. आपल्याकडे ग्रामीण भागात माणशी ४० लिटर पाणी आणि १.६ किलोमीटरच्या आत स्रोत असला की गाव 'पुरवठा झालेलं' धरत. २००० च्या सुमारास सरकारी अहवाल बाजूला ठेवून घरोघरच्या सर्वेक्षणांवर भर आला, तेव्हा कुठे तुलनेला थोडा अर्थ आला.

सर्वेक्षणात प्रश्न एकच: पिण्याचं पाणी मुख्यतः कुठून आणता? नळ, बोअरवेल, झाकलेली विहीर असं उत्तर आलं की स्रोत 'सुधारित'. पाणी तपासत नसत. अपवाद बांगलादेशाचा: तिथला आकडा आर्सेनिकयुक्त कूपनलिकांमुळे कमी करून धरला गेला. याच मापावर मार्च २०१२ मध्ये जाहीर झालं की सुधारित स्रोत नसलेल्यांचं प्रमाण निम्म्यावर आणण्याचं २०१५ चं उद्दिष्ट २०१० मध्येच गाठलं. सुधारित स्रोत मिळालेल्या सुमारे २०० कोटी लोकांपैकी जवळपास निम्मे चीन आणि भारतातले होते. आफ्रिकेतले कितीतरी देश मागेच होते, पण मथळ्यात ते आले नाहीत.

२०१७ मध्ये नवी शिडी आली. सुधारित स्रोत आणि रांगेसकट जाऊन-येऊन ३० मिनिटांच्या आत पाणी, तर 'मूलभूत'. जास्त वेळ लागला तर 'मर्यादित'. आपला जुना १.६ किलोमीटरचा निकष इथे बहुतेक वेळा नापास होतो. सगळ्यात वरची पायरी घरातच, गरजेच्या वेळी मिळणाऱ्या आणि दूषित नसलेल्या पाण्याची.

खरी गोम मात्र त्याच वर्षीच्या दुसऱ्या निर्णयात आहे. तोपर्यंत टँकरचं पाणी 'असुधारित' होतं. बाटलीबंद पाणीही स्वयंपाक आणि धुण्यासाठी दुसरा सुधारित स्रोत असेल तरच चालत असे. २०१७ पासून दोन्ही 'सुधारित'. बाजू मांडणारे म्हणतात की अनेक शहरांत लोक जार विकतच घेतात, ते नाकारून काय साधणार? आणि वरच्या पायरीवर शुद्धता तपासतातच. हे मान्य. पण खालच्या पायरीवर किंमत कुणी विचारत नाही. नळाचं पाणी स्वस्तात मिळणारं घर आणि जारवर रोजंदारीतला हिस्सा घालवणारं घर दोन्ही 'मूलभूत'. जुनी वर्षंही नव्या व्याख्येने पुन्हा मोजली जातात, म्हणून २०१७ पूर्वीचा छापील अहवाल आणि आजचा तक्ता एकमेकांशी ताडून पाहू नयेत.

शिवाय 'मुख्य' स्रोत विचारल्यामुळे ऋतू गळतात. मराठवाड्यातल्या गावात मार्च ते जून टँकर येतो. पावसाळ्यानंतर सर्वेक्षण झालं तर त्याची नोंदच होत नाही.

नव्या मापाने २०२२ मध्ये सुमारे ७० कोटी लोक मूलभूत पायरीच्याही खाली होते, त्यातले निम्म्याहून अधिक सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. वरच्या पायरीबाहेर २२० कोटी.