जपानी हिरवा चहा, त्याची भांडी आणि सोबतचं गोड

झाड आपल्या चहाचंच, पण जपानमध्ये पानं खुडली की लगेच वाफवतात, त्यामुळे ती काळी पडत नाहीत आणि चहा हिरवा राहतो (चीनमध्ये हेच काम बहुतेक ठिकाणी कढईत भाजून करतात). दूध नाही, साखर नाही आणि गॅसवर खळाखळा उकळणं तर अजिबात नाही. आपल्याकडे पहिल्यांदा करणारा नेमका इथेच फसतो, सवयीने पातेल्यात उकळतो आणि मग म्हणतो काय हा कडू काढा.

रोजचा चहा म्हणजे सेन्चा. वाफवलेली पानं मळून मळून सुयांसारखी करत वाळवायची ही पद्धत १७३८ मध्ये क्योतोजवळच्या उजी भागातल्या नागातानी सोएन यांनी बसवली असं मानतात. ग्योकुरो हा त्याचा महागडा भाऊ. खुडणीआधी साधारण तीन आठवडे झाडांवर आच्छादन टाकतात, ऊन कमी मिळालं की पानातलं गोडसर चव देणारं थिअनिन टिकतं, तुरटपणा आणणारं कॅटेचिन कमी तयार होतं आणि चव जवळजवळ सूपसारखी लागते. म्हणून सेन्चाला ७०-८० अंशाचं पाणी, ग्योकुरोला ५०-६०. होजिचा भाजलेला असतो, त्याला उकळतं पाणी चालतं, आणि गेन्माइचात भाजलेले तांदूळ असतात, मधेमधे लाही फुटलेली. सुरुवात करायची तर माझं मत गेन्माइचाला, वास ओळखीचा वाटतो.

भांडी पण सगळी या पाण्याच्या हिशोबाने. पाणी निववायला युझामाशी नावाचं वेगळं भांडं असतं, उकळतं पाणी आधी त्यात ओतायचं आणि मग किटलीत. किटली म्हणजे क्यूसु, तिची मूठ मागे नसते, तोटीशी काटकोनात बाजूला असते, त्यामुळे अंगठ्याने झाकण दाबून एकाच हाताने ओतता येतं. आइची प्रांतातल्या तोकोनामेच्या लाल मातीच्या क्यूसु प्रसिद्ध आहेत. ओतताना एक कप पूर्ण भरून दुसरा घ्यायचा नाही, सगळ्यांत थोडं थोडं फिरवत ओतायचं, नाहीतर एकाला पाणी आणि एकाला अर्क. शेवटचा थेंबही झटकून काढायचा, आत राहिला तर त्याच पानांचा दुसरा चहा कडू.

माच्चाचं प्रकरण वेगळं, त्यात पान गाळून टाकत नाहीत, अख्खं पिऊनच टाकतात. तेही सावलीतलंच पान, शिरा-देठ काढून दगडी जात्यावर दळतात, एका जात्यातून तासाला ४० ग्रॅमच्या आसपास पूड निघते, मग महाग का ते कळतं. घुसळायला चासेन, म्हणजे बांबूच्या एकाच तुकड्यातून कोरलेली बारीक काड्यांची रवी, ती नारा प्रांतातल्या ताकायामा गावची. पूड ठेवायच्या डबीला नात्सुमे म्हणतात आणि त्याचा अर्थ चक्क बोर, आकार तसा असतो म्हणून.

चहाच्या समारंभात गोड आधी खातात आणि मग कडू चहा, दोन्ही आळीपाळीने नाही. या गोडांना वागाशी म्हणतात. बहुतेकांचा जीव आन्को, म्हणजे अझुकी नावाचं लाल कडधान्य शिजवून साखर घालून आटवलेलं सारण. आपल्या पुरणाचा चुलतभाऊ म्हणा, चाळून गुळगुळीत केलं तर कोशीआन आणि दाणे ठेवले तर त्सुबुआन. फक्त तूप नाही, वेलची नाही, त्यामुळे पहिला घास जरा फिका लागतो. हेच सारण चायना ग्रास घालून थिजवलं की योकान. वसंतातलं साकुरामोची हे आन्को भरलेलं गोड खारवलेल्या चेरीच्या पानात गुंडाळतात, आपल्या पातोळ्यांसारखंच, पण इथे बरेच जण पानासकट खातात. आणि क्योतोत ३० जूनला मिनाझुकी, पांढरा त्रिकोणी तुकडा वर अझुकी, हा आकार बर्फाचा, कारण पूर्वी उन्हाळ्यात खरा बर्फ दरबारी लोकांनाच मिळायचा, बाकीच्यांनी ही वडी खायची.