दिवाणी विधिसाहाय्य (सोलापूर शहर)

वकिलाची फी व कोर्ट फी न परवडणाऱ्या पक्षकारास दिवाणी दाव्यात मिळणारी शासकीय मदत. शहरात ती जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळते. प्रमुख जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात.

या मदतीचा आरंभ कोठून धरावा, याबद्दल मतभेद आहेत. काही लेखक १९२४ च्या सुमारास मुंबईत निघालेल्या लीगल एड सोसायटीकडे बोट दाखवतात. काही १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या राज्यघटनेतील अनुच्छेद ३९-अ (मोफत विधिसाहाय्याची तरतूद) पासून सुरुवात करतात. दिवाणी बाजूपुरते पाहता दिवाणी प्रक्रिया संहितेतील (१९०८) आदेश ३३ अधिक जुना आणि म्हणून अधिक ग्राह्य वाटतो. त्यात नादार, म्हणजे फी भरण्याची ऐपत नसलेल्या, पक्षकाराला कोर्ट फी न भरता दावा लावता येतो. मात्र दावा जिंकल्यास ती फी वसूल होते, आणि दाव्याच्या मिळकतीवर तिचा पहिला बोजा (इतर देण्यांआधीचा हक्क) राहतो. नादारास वकील नेमून देण्याचा अधिकार न्यायालयास १९७६ च्या दुरुस्तीने मिळाला. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा असला, तरी अंमल ९ नोव्हेंबर १९९५ पासून.

या अधिनियमाच्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग व औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक मर्यादा ३ लाख रुपये. उत्पन्नाबाबत शपथपत्र पुरेसे मानता येते. पण दाव्यात प्रथमदर्शनी तथ्य असावे लागते.

सोलापुरात ‘औद्योगिक कामगार’ या शब्दांचा प्रश्न खास. कारखान्यातून पान-तंबाखू आणून घरी विड्या वळणारी बाई कामगार ठरते का? १९६६ च्या विडी व सिगार कामगार अधिनियमाने घरखेपी कामगारांना आपल्या कक्षेत घेतले व सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये तो वैध ठरवला. कलम १२ पुरता हा वाद गौणच, कारण ती स्त्री म्हणूनच पात्र ठरते. यंत्रमागावरील पुरुषाला मात्र कामगारपण दाखवावे लागते, नाहीतर उत्पन्नाची अट आहेच. आणि हजेरी कच्च्या वहीत असली की पुरावा अवघड जातो. शहराच्या पूर्व भागात अनेकांची घरची भाषा तेलुगू, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर) मराठीत. तेव्हा मजकूर वाचून, समजावून सही घेणे इष्ट.

पोटगी, वारसा, भाडेकरार यांसाठी अर्ज साधाच असतो. लोकअदालतीत तडजोड झाल्यास निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ येते, भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि अपील चालत नाही. राष्ट्रीय मदतवाहिनी : १५१००.