घर ओढत घराकडे: मिडवेस्टमधल्या आरव्ही प्रवासाची पार्श्वभूमी

मे महिन्याचा शेवटचा सोमवार, म्हणजे मेमोरियल डे जवळ आला की आयोवा, इंडियाना, मिनेसोटाच्या रस्त्यांवर पिकअपच्या मागे जोडलेली पांढरी घरं दिसू लागतात. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत, लेबर डेपर्यंत ती दिसत राहतात. त्यांतली बरीचशी कुठल्याही नावाजलेल्या ठिकाणी निघालेली नसतात. मिडवेस्टच्या, म्हणजे अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागातल्या, बाराही राज्यांना समुद्र नाही आणि बर्फाच्छादित डोंगरांसाठी कुणी इकडे येत नाही. ही घरं निघालेली असतात भावाच्या शेतावर, आजोळी, चुलतभावंडांच्या वार्षिक जमण्याला.

आरव्ही (रिक्रिएशनल व्हेइकल), म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेलं वाहन, म्हटलं की स्वच्छंद भटकंतीचं चित्र डोळ्यांपुढे येतं. मला ते अर्धवट वाटतं. या वाहनाचा मिडवेस्टमधला इतिहास पाहिला तर नातलगांकडे जायचं, पण त्यांच्यावर भार टाकायचा नाही, ही गरज त्यात पुन्हा पुन्हा दिसते. आपलं बिऱ्हाड आपल्याबरोबर न्यायचं, म्हणजे पाहुणचार घेता येतो आणि यजमानांची झोपही मोडत नाही.

याचं मूळ घोडागाड्यांत आहे. इंडियानातल्या साउथ बेंड इथे स्टुडबेकर बंधूंनी १८५२ साली गाड्या बनवायला सुरुवात केली. छत घातलेल्या अशाच गाड्यांत संसार भरून कुटुंबं पश्चिमेकडे गेली. जी मधेच, आयोवा-नेब्रास्काच्या काळ्या मातीत थांबली, त्यांनी गाडीत मुक्काम करण्याची सवय सोडली नाही. आयोवाची राज्य जत्रा १८५४ साली सुरू झाली आणि १८८६ पासून ती डी मॉइनमधल्या आजच्या जागी भरते. शेतकरी कुटुंबं तिथे गाडी जुंपून, शिदोरी बांधून येत आणि टेकडीवर पाल ठोकून राहत. त्याच मैदानावर आता ट्रेलर उभे राहतात आणि काही घराणी पिढ्यान्‌पिढ्या तिथे मुक्कामाला येतात. आपल्याकडे गावोगावचे लोक बैलगाड्या घेऊन जत्रेला उतरत, त्याच जातीची ही गोष्ट आहे.

मोटारीचा जमाना आल्यावर पहिला प्रयोग श्रीमंतांसाठी झाला. १९१० साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पिअर्स-ॲरो कंपनीने झोपण्याची सोय असलेली मोटार मांडली. हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन, हार्वे फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज यांच्या तंबूच्या सहली वर्तमानपत्रांतून गाजल्या. पण सामान्य माणूस फोर्डच्या मॉडेल टीला तंबू बांधून निघत होता. १९१९ साली फ्लोरिडातल्या टॅम्पा इथे अशा लोकांनी ‘टिन कॅन टुरिस्ट्स’ ही संघटना काढली. गाडीच्या रेडिएटरच्या झाकणावर डाख देऊन बसवलेला पत्र्याचा डबा ही त्यांची खूण होती. हिवाळ्यात फ्लोरिडात जमणारे हे लोक उन्हाळ्यात मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीला भेटत. थंडीत दक्षिणेला जायचं आणि उन्हाळ्यात आपल्या माणसांत परतायचं, हे चक्र तेव्हापासून फिरतं आहे.

खरी कलाटणी मात्र डेट्रॉइटजवळच्या एका पावसाने दिली. आर्थर शर्मन हे जीवाणूशास्त्रज्ञ होते आणि औषध कंपनी चालवत होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सहलीसाठी ओढता येणारा तंबू विकत घेतला. पाच मिनिटांत उभा राहतो, पाणी आत येत नाही, अशी त्याची जाहिरात होती. पहिल्याच मुक्कामाला वादळी पाऊस आला, तंबू काही वेळेत उभा राहिना आणि घरची सगळी मंडळी चिंब भिजली. मग शर्मननी सुताराला बोलावून सहा फूट रुंद, नऊ फूट लांब अशी भक्कम भिंतींची पेटीच करून घेतली. आत मधोमध अरुंद वाट, दोन्ही बाजूंना कपाटं आणि बाकं, शिवाय एक लहानशी कोळशाची शेगडी. मुलांनी तिचं नाव ठेवलं ‘कव्हर्ड वॅगन’. पणजोबांची छताची गाडी पोरांच्या थट्टेतून अशी परत आली.

जानेवारी १९३० मध्ये शर्मननी डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात हा ट्रेलर ४०० डॉलरला मांडला आणि ११८ विकले. शेअरबाजार कोसळून जेमतेम तीन महिने झाले होते. तरी १९३६ पर्यंत त्यांची कंपनी देशातली सगळ्यांत मोठी ट्रेलर उत्पादक झाली आणि वर्षाला सुमारे सहा हजार ट्रेलर विकू लागली. मंदीत ही वस्तू चालली याचं मला नवल वाटत नाही. हॉटेलचं भाडं परवडत नव्हतं, पण आईवडिलांना भेटायला जाणं थांबवणं शक्य नव्हतं.

याच सुमारास साउथ बेंडच्या शेजारचं एल्खार्ट पुढे आलं. पितळी वाद्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात विल्बर शुल्ट यांनी आधी ट्रेलरचं दुकान टाकलं, मग कारखाना घेतला. एकातून दुसरा कारखाना निघाला. खिडक्या करणारे, आस (म्हणजे ॲक्सल) करणारे, फर्निचर करणारे आसपास येऊन बसले. शिकागोहून पूर्वेला जाणारी रेल्वे आणि रस्ते जवळ होते. शिवाय एवढी अवजड, पोकळ वस्तू दूर पाठवणं महाग पडतं, त्यामुळे देशाच्या मध्याजवळ असण्याचा फायदा होता. आज अमेरिकेतल्या दर पाच आरव्हींपैकी चारेक उत्तर इंडियानात बनतात. कारखान्यांतल्या कारागिरांत आमिश या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाचे लोक मोठ्या संख्येने आहेत. धर्माचाराप्रमाणे ते स्वतः मोटार चालवत नाहीत. पहाटे सायकलीवरून कामावर येतात आणि दुपारी लवकर शेताकडे परततात. नातलगांच्या भेटीला घोडागाडीतून जाणाऱ्या या माणसांची सुतारकी साऱ्या देशाच्या भेटीगाठींना पुरते.

दुसऱ्या महायुद्धात ट्रेलर सहलीचे राहिले नाहीत. मिशिगनमधल्या विलो रन इथल्या बॉम्बर विमानांच्या कारखान्याभोवती कामगारांच्या ट्रेलर-वस्त्या उभ्या राहिल्या. युद्धानंतर या धंद्याची दोन वाटांनी फाळणी झाली: एकीकडे कायम राहायची स्वस्त घरं, दुसरीकडे प्रवासाचे हलके ट्रेलर. एल्खार्टच्या संग्रहालयाच्या नावात आजही दोघांची आद्याक्षरं, प्रवासाच्या गाड्यांचं ‘आरव्ही’ आणि राहत्या घरांचं ‘एमएच’, एकत्र आहेत, ती यामुळे.

ट्रेलर आणि मोटार एकच करण्याचं काम मिशिगनच्या ब्राउन सिटीतल्या रेमंड फ्रँक यांनी केलं. १९५० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी स्वतःच्या कुटुंबासाठी तशी गाडी बांधली आणि तिला ‘मोटर होम’ म्हटलं. ती सामान्यांच्या खिशात आणली आयोवातल्या फॉरेस्ट सिटीने. शेतीवर जगणारं हे गाव ओस पडत चाललं होतं. फर्निचरचं दुकान आणि अंत्यसंस्काराचा व्यवसाय चालवणारे जॉन हॅन्सन यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन १९५८ साली कॅलिफोर्नियातल्या एका ट्रेलर कंपनीचा कारखाना गावात आणला. तो थोड्याच काळात अडखळला, तेव्हा गावातल्या लोकांनीच तो विकत घेतला. १९६१ साली त्याला काउंटीवरून, म्हणजे तिथल्या जिल्ह्यावरून, विनेबागो हे नाव मिळालं आणि १९६६ पासून तिथे मोटरहोम तयार होऊ लागल्या, स्पर्धकांच्या जवळजवळ निम्म्या किमतीत.

या नावापाशी क्षणभर थांबायला हवं. विनेबागो हे मुळात अमेरिकेतल्या एका आदिवासी जमातीला शेजाऱ्यांनी दिलेलं नाव. ते लोक स्वतःला होचंक म्हणवतात. एकोणिसाव्या शतकात त्यांना विस्कॉन्सिनमधून आयोवात, तिथून मिनेसोटात, मग डकोटात असं वारंवार हुसकावलं गेलं आणि त्यांतले बरेच शेवटी नेब्रास्कात स्थिरावले. त्यांच्या वाट्याला आलेला प्रवास हौसेचा नव्हता, हे त्या नावाची गाडी पाहताना मी विसरू शकत नाही.

गाडी झाली, पण मुक्कामाला जागा लागते. १९२० च्या दशकात गावोगावच्या नगरपालिकांनी मोटारवाल्यांसाठी फुकट तळ उघडले होते. कॅन्सस, नेब्रास्का, साउथ डकोटातल्या कित्येक लहान गावांच्या बागेत आजही एखादी रात्र फुकट किंवा ऐच्छिक देणगीवर राहता येतं. मिनेसोटाचं इटास्का राज्य उद्यान १८९१ चं, इंडियानाची पहिली उद्यानं १९१६ ची, आयोवाचं बॅकबोन १९२० चं. १९३३ ते १९४२ या काळात सरकारी योजनेतल्या बेकार तरुणांनी या उद्यानांत दगडी निवारे, पायवाटा आणि तळ बांधले. कुटुंबांचे मेळावे अजून त्याच निवाऱ्यांत भरतात, प्रत्येक घरातून एकेक पदार्थ येतो. पण मला सगळ्यांत मोलाचा वाटतो आयोवाचा १९५५ चा कायदा. त्यामुळे काउंटीला स्वतःचं संवर्धन मंडळ नेमता आलं आणि पुढे सर्वच्या सर्व ९९ काउंट्यांत अशी मंडळं झाली. त्यांनी तळ्याकाठी, नदीकाठी छोटे कॅम्पग्राउंड काढले. वीज-पाण्याची जोडणी असलेली ही जागा बहुधा आजीच्या गावापासून दहा-पंधरा मैलांवरच असते. पर्यटनाच्या नकाशावर तिला स्थान नाही, पण सुट्टीच्या शनिवार-रविवारी तिथे जागा मिळत नाही.

अंतरं मात्र वाढत गेली. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्ग आले आणि त्याच रस्त्यांनी पोरं दूर निघून गेली. १९८० च्या दशकातल्या शेती-संकटात कर्ज फेडता न आल्याने अनेकांच्या जमिनी गेल्या. आयोवाची लोकसंख्या १९८० साली २९ लाख १३ हजार होती, ती १९९० मध्ये २७ लाख ७६ हजारांवर आली. गेलेली माणसं टेक्सास, ॲरिझोना, कोलोराडोत रुजली, तरी वडिलोपार्जित घर, दफनभूमी आणि भावंडं मागेच होती. ट्रेलर त्या अंतरावरचा पूल झाला.

धंद्याने झटकेही खाल्ले. १९७३ च्या तेलसंकटाने एक, २००८ च्या मंदीने दुसरा. २००९ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष ओबामा एल्खार्टला आले, तेव्हा तिथली बेकारी १५ टक्क्यांच्या वर गेली होती. त्या वर्षी देशभरात सुमारे १ लाख ६५ हजार आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडल्या. कोविडकाळात, २०२१ मध्ये, हा आकडा ६ लाखांवर गेला, कारण आजारी पडण्याच्या आणि पाडण्याच्या भीतीने लोकांना आपलं न्हाणीघर, आपली चूल बरोबर हवी होती. २०२३ मध्ये तो पुन्हा ३ लाख १३ हजारांवर उतरला.

शिकागो, डेट्रॉइट, मिनिअ‍ॅपोलिसच्या मराठी कुटुंबांनाही आरव्हीची ही सोय कळली आहे. भारतातून उन्हाळ्यापुरते आलेले आईवडील बरोबर असले की गाडीतच वरणभाताचा कुकर लागतो आणि गुडघे दुखणाऱ्या आजींना दुपारी आडवं होता येतं. बहुतेक मोटरहोमना साधा वाहन परवाना पुरतो.

नातलगाच्या अंगणात गाडी लावून राहण्याला आरव्हीवाले ‘मूचडॉकिंग’ म्हणतात. शब्दाचा अर्थ फुकट्यांचा मुक्काम, पण म्हणणाऱ्याच्या आवाजात माया असते. गॅरेजमधून लांब वायर ओढून वीज घेतात. घरगुती प्लग पंधरा-वीस ॲम्पियरचा आणि गाडीला तीस किंवा पन्नास लागतात, म्हणून दिवे आणि फ्रिज चालतो, एसी लावला की घरातला ब्रेकर उडतो. नातवंडं घरातल्या गाद्या सोडून गाडीत झोपायला धावतात. ऑक्टोबरमध्ये मका काढणीला आला की पाणी गोठून नळ फुटू नयेत म्हणून टाकी रिकामी करतात, नळ्यांमधून गुलाबी अँटीफ्रीझ फिरवतात आणि घर धान्याच्या कोठाराशेजारी ताडपत्रीखाली उभं करतात.