क्वीन : सिंगल गीतांची जागतिक क्रमवारी

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडने 1973 पासून प्रसिद्ध केलेल्या सिंगल गीतांना, म्हणजे अल्बमपासून वेगळ्या, स्वतंत्र विकल्या जाणाऱ्या ध्वनिमुद्रिकांना, निरनिराळ्या देशांच्या चार्टवर, म्हणजे गीतांच्या साप्ताहिक क्रमवारीत, मिळालेल्या स्थानांचा विचार या नोंदीत केला आहे. बँडची स्थापना 1970 मध्ये लंडनला झाली. बालपणी पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी गायक आणि पियानोवादक होता, ब्रायन मे गिटार वाजवीत असे, रॉजर टेलर ड्रम, तर 1971 मध्ये आलेला जॉन डीकन बेस गिटार. ब्रिटनच्या चार्टवर या बँडचे नाव सहा वेळा पहिल्या क्रमांकावर झळकले. अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड हॉट 100’ या यादीत दोनच वेळा. त्यातही गंमत अशी की अमेरिकेत अव्वल ठरलेल्या दोन्ही गीतांना ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक मिळाला नाही आणि ब्रिटनमधल्या अव्वल गीतांपैकी एकही अमेरिकेत शिखरावर पोहोचले नाही.

या तफावतीत आवडीनिवडीचा भाग आहेच, परंतु दोन्ही याद्या मुळात एकच गोष्ट मोजत नव्हत्या, हेही लक्षात घ्यावे लागते. 1970 च्या दशकातील ब्रिटिश चार्ट केवळ विक्रीवर आधारलेला होता. निवडक दुकानांनी आठवडाभरात विकलेल्या ध्वनिमुद्रिकांच्या नोंदी ठेवायच्या आणि त्यांवरून क्रम लावायचा, अशी ती पद्धत होती. 1958 मध्ये सुरू झालेल्या ‘हॉट 100’मध्ये मात्र विक्रीच्या जोडीला रेडिओवरील प्रसारणही धरले जाई. त्यामुळे रेडिओ केंद्रांनी पाठ फिरवली, की अमेरिकेत गीताचा क्रमांक घसरत असे.

बँडचे पहिले सिंगल ‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’ (1973) ब्रिटनच्या चार्टवर पोहोचलेच नाही. 1974 मध्ये ‘सेव्हन सीज ऑफ राय’ दहाव्या क्रमांकापर्यंत गेले आणि त्याच वर्षीच्या ‘किलर क्वीन’ने ब्रिटनमध्ये दुसरा, तर अमेरिकेत बारावा क्रमांक मिळवला. अमेरिकेचे दार प्रथम किलकिले झाले ते याच गीतामुळे.

‘बोहेमियन रॅप्सडी’ 31 ऑक्टोबर 1975 रोजी बाजारात आले. गीताची लांबी 5 मिनिटे 55 सेकंद, ध्रुवपद नाही, मध्ये ऑपेराच्या धाटणीचा बहुस्तरीय कोरस. इतके लांब गीत रेडिओवर लागणार नाही, अशी धास्ती कंपनीला होती. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरील निवेदक केनी एव्हरेट याने मात्र त्याची प्रत आधीच मिळवून एका शनिवार-रविवारात ते चौदा वेळा वाजवले, असे सांगितले जाते. नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश चार्टवर या गीताचा प्रवास आठवड्यागणिक 47, 17, 9 आणि 1 असा झाला. पुढे सलग नऊ आठवडे ते पहिल्या स्थानावर राहिले आणि जानेवारी 1976 च्या अखेरीस आब्बा या स्वीडिश गटाने ते खाली खेचले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा आणि नेदरलँड्स येथेही ते अव्वल ठरले. अमेरिकेत त्याची धाव नवव्या क्रमांकाशी थांबली.

त्यानंतरची गीते दोन्हीकडे बऱ्यापैकी जवळजवळ चालली. ‘समबडी टू लव्ह’ (1976) ब्रिटनमध्ये दुसरे आणि अमेरिकेत तेरावे होते. ‘वी आर द चॅम्पियन्स’ (1977) अनुक्रमे दुसरे आणि चौथे. 1979 मध्ये मात्र ‘डोन्ट स्टॉप मी नाऊ’ ब्रिटनमध्ये नवव्या स्थानी असताना अमेरिकेत 86 व्या स्थानापलीकडे जाऊ शकले नाही.

वर्षभरातच चित्र उलटले. अमेरिकी गायक एल्व्हिस प्रेसलीच्या काळातील रॉकअँडरोलची आठवण करून देणारे ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ 1980 च्या प्रारंभी अमेरिकेत चार आठवडे अव्वल राहिले. ब्रिटनमध्ये ते दुसऱ्या स्थानावर अडले होते. डीकनने रचलेले ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ ऑक्टोबर 1980 मध्ये तीन आठवडे अमेरिकेत पहिले होते. बेस गिटारच्या काही मोजक्या स्वरांवर उभे असलेले हे नृत्यगीत कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या केंद्रांवरही चांगले चालले आणि बिलबोर्डच्या सोल संगीताच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले. एखाद्या गोऱ्या ब्रिटिश रॉक बँडच्या वाट्याला असे यश क्वचितच येई. ब्रिटनने याच गीताला सातवे स्थान दिले.

हा अमेरिकी बहर टिकला नाही. स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीसह ध्वनिमुद्रित केलेले ‘अंडर प्रेशर’ (1981) ब्रिटनमध्ये पहिले, अमेरिकेत 29 वे. टेलरचे ‘रेडिओ गा गा’ (1984) ब्रिटनमध्ये दुसरे, अमेरिकेत सोळावे. पाठोपाठ आलेल्या ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’च्या चित्रफितीत चौघांनी स्त्रीवेष घातले होते. ब्रिटिश प्रेक्षकांना ती एका लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेची थट्टा म्हणून कळली आणि गीत तिसऱ्या क्रमांकावर गेले. अमेरिकेत ही चित्रफीत अनेकांना रुचली नाही आणि गीत 45 व्या स्थानापुढे सरकले नाही. अपयशाचे सारे खापर चित्रफितीवर फोडण्याचा प्रघात पडला आहे, पण तो थोडा सोयीचा वाटतो, कारण अमेरिकेतील उतार तिच्याआधीच सुरू झाला होता.

सहा मिनिटांहून मोठे ‘इन्युएन्डो’ जानेवारी 1991 मध्ये थेट पहिल्या क्रमांकावरच ब्रिटिश चार्टमध्ये दाखल झाले. 24 नोव्हेंबर 1991 रोजी मर्क्युरीचे निधन झाले. डिसेंबरमध्ये ‘बोहेमियन रॅप्सडी’ आणि ‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ हे जोड सिंगल एड्सविषयक कार्य करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टच्या मदतीसाठी निघाले आणि पाच आठवडे अव्वल राहिले. ब्रिटनमध्ये नाताळच्या आठवड्यातील पहिल्या क्रमांकाला विशेष मान आहे. एकाच बँडच्या एकाच ध्वनिमुद्रणाने तो 1975 आणि 1991 असा दोनदा मिळवला. ब्रिटनमधली उरलेली दोन अव्वल स्थाने 1993 मध्ये जॉर्ज मायकेलसह आणि 2000 मध्ये फाइव्ह या पॉप गटासह निघालेल्या ध्वनिमुद्रणांची आहेत, त्यामुळे सहाचा आकडा सांगताना एवढी पुस्ती जोडणे न्याय्य ठरते.

अमेरिकेने ‘बोहेमियन रॅप्सडी’ची दखल नव्याने घेतली ती 1992 मध्ये. ‘वेन्स वर्ल्ड’ या विनोदी चित्रपटात मोटारीत बसलेले पाच मित्र या गीतावर माना हलवतात, असे दृश्य होते. त्यानंतर गीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत, म्हणजे 1976 पेक्षा सात पायऱ्या वर चढले. नोव्हेंबर 1991 पासून ‘हॉट 100’साठी विक्री दुकानातील यंत्रांवरून थेट मोजली जाऊ लागली होती, त्यामुळे या दोन क्रमांकांची तुलना जपूनच करावी लागते.

ब्रिटिश सिंगल चार्टमध्ये जुलै 2014 पासून इंटरनेटवरील श्रवणही मोजले जाते. अमेरिकेत ते आधीच सुरू झाले होते. एकदा विकत घेतलेली ध्वनिमुद्रिका घरी हजार वेळा ऐकली, तरी पूर्वीच्या चार्टला त्याचा पत्ता लागत नसे. आता इंटरनेटवरील श्रवणाचीही नोंद होते. त्यामुळेच 2018 मध्ये बँडवरील चरित्रपट आल्यावर ‘बोहेमियन रॅप्सडी’ तिसऱ्यांदा ‘हॉट 100’मध्ये आले आणि 33 व्या स्थानापर्यंत गेले. ‘डोन्ट स्टॉप मी नाऊ’ आज बँडच्या सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या गीतांत गणले जाते; अमेरिकी यादीतील त्याचे सर्वोच्च स्थान मात्र 1979 चेच, 86 वे आहे.