पार्श्वभूमी : नळीची खूण

गोळीबाराच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं : पिस्तूल आणि पुंगळ्या (गोळी सुटल्यावर उरणारी काडतुसांची रिकामी टरफलं) बॅलिस्टिक तपासणीसाठी पाठवल्या आहेत. गोळी कोणत्या बंदुकीतून सुटली हे शोधणाऱ्या या तपासणीमागे पावणेतीनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याच्या मधोमध मृत्युदंड सुनावला गेलेला एक निरपराध माणूस उभा आहे.

सुरुवात वेगापासून. गोळी डोळ्याला दिसत नाही, मग तिचा वेग मोजायचा कसा? बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये आपली युक्ती प्रसिद्ध केली. जाड लाकडी ठोकळा टांगायचा, त्यात गोळी झाडायची आणि तो किती मागे झुलला ते फितीवर मोजायचं. ठोकळ्याचं आणि गोळीचं वजन ठाऊक असलं की वेग निघतो. मस्केट या जुन्या लांब बंदुकीची गोळी सेकंदाला सुमारे ५०० मीटर जाते, हे त्यातून कळलं. रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आले आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारले.

पण वेगावरून बंदूक ओळखता येत नाही. काडतूस बदललं की त्याच पिस्तुलातली गोळी वेगळ्या वेगाने सुटते. ओळख पटते ती ओरखड्यांवरून. गोळीला गिरकी मिळावी म्हणून नळीत आतून मळसूत्री वळणाच्या खाचा पाडतात. त्या किती, किती रुंद, डावीकडे वळणाऱ्या की उजवीकडे, यावरून बंदुकीची जात कळते. नळी तासताना आणि वापरताना पडलेले बारीक ओरखडे त्या एका नळीपुरते असतात. पुंगळीवरही फायरिंग पिनचा, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या खिळ्याचा, ठसा उमटतो.

१९१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्ट शेल्बीला एक वृद्ध शेतकरी आणि त्याची घरकामवाली गोळ्या लागून मेली. पोलिसांनी चार्ल्स स्टीलो या शेतमजुराला पकडलं आणि त्याच्याकडून कबुलीजबाब घेतला. अल्बर्ट हॅमिल्टन नावाच्या 'तज्ज्ञा'ने कोर्टात सांगितलं की, स्टीलोच्या रिव्हॉल्व्हरच्या तोंडाशी नऊ ओरखडे आहेत आणि गोळ्यांवरच्या खुणा त्यांच्याशीच जुळतात. ज्युरीला ते ओरखडे फोटोत दिसले नाहीत, तरी त्याचं म्हणणं मानलं गेलं. स्टीलोला विजेच्या खुर्चीची शिक्षा झाली. एकदा तर खुर्ची अवघ्या चाळीस मिनिटांवर आली असताना स्थगिती मिळाली.

फेरतपासात त्या रिव्हॉल्व्हरमधून पुन्हा गोळ्या झाडल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. खाचांच्या खुणा जुळल्याच नाहीत. १९१८ मध्ये स्टीलो सुटला. या तपासात असलेल्या चार्ल्स वेट यांना ही गोष्ट स्वस्थ बसू देईना. मग त्यांनी अमेरिका-युरोपातल्या कारखान्यांकडून बंदुकांच्या खाचांची मापं गोळा करायला घेतली. १९२५ च्या सुमारास त्यांचे सहकारी फिलिप ग्रेव्हेल यांनी दोन गोळ्या एकाच भिंगातून शेजारी शेजारी पाहता येतील असा तुलनात्मक सूक्ष्मदर्शक या कामी आणला. निम्म्या वर्तुळात गुन्ह्यातली गोळी, निम्म्यात प्रयोगशाळेत झाडलेली. हळूहळू फिरवत एकीची रेघ दुसरीत सलग गेली तर नळी तीच.

वेट यांचे आणखी एक सहकारी कॅल्विन गॉडर्ड यांनी हेच तंत्र १९२९ च्या शिकागो हत्याकांडात वापरलं. मारेकऱ्यांपैकी काही जण पोलिसांच्या वेषात होते, म्हणून संशय पोलिसांवरही होता. गॉडर्ड यांनी पोलिसांच्या थॉम्पसन बनावटीच्या मशीनगन झाडून पाहिल्या; त्यातली एकही जुळली नाही. वर्षअखेरीस फ्रेड बर्क या गुंडाच्या घरात सापडलेल्या दोन मात्र जुळल्या.

एवढं असूनही जुळणी शेवटी तज्ज्ञाच्या डोळ्यावर ठरते. किती रेघा जुळल्या म्हणजे पुरे, याचं नेमकं माप ठरलेलं नाही, हा आक्षेप अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या २००९ च्या अहवालाने उघड मांडला. मला तो रास्त वाटतो. हॅमिल्टनही तज्ज्ञ म्हणूनच उभा होता.

आपल्याकडे अडचण आणखी एक, गावठी कट्ट्याची. कट्ट्याच्या नळीत बहुधा खाचाच नसतात. गोळीवर वाचण्यासारखं फार थोडं उरतं, मग पुंगळीच्या बुडावरचा पिनचा ठसाच महत्त्वाचा ठरतो. म्हणून पंचनाम्यात पुंगळी नीट उचलून, सीलबंद करून, तिची नोंद ठेवणं इतकं मोलाचं असतं.