हौशी रेडिओ संच : संगणकाद्वारे प्रोग्रॅमिंग व दोषशोधन

हौशी (हॅम) रेडिओ संचाच्या स्मृतीत कंप्रता, रिपीटरचा (संकेत ग्रहण करून पुन्हा प्रेषित करणाऱ्या केंद्राचा) ऑफसेट (त्याच्या ग्रहण व प्रेषण कंप्रतांतील फरक), टोन (रिपीटर उघडण्यासाठी आवाजासोबत पाठवला जाणारा मंद स्वर) व वाहिनीचे नाव ही माहिती केबलने जोडलेल्या संगणकावरून भरण्याची पद्धत. व्यवहारात तिला ‘प्रोग्रॅमिंग’ म्हणतात. पण आज्ञावली लिहिण्याशी तिचा संबंध नाही. संचातील आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, तशीच राहते आणि तिने वाचावयाचा तक्ता तेवढा बदलतो. नवशिक्यांच्या धास्तीचे मूळ बऱ्याच अंशी या नामसाधर्म्यात आहे.

संश्लेषक (हवी ती कंप्रता निर्माण करणारे मंडल) रूढ होण्यापूर्वी प्रत्येक वाहिनीसाठी प्रेषणाचा एक व ग्रहणाचा एक असे दोन क्वार्ट्‌झ स्फटिक संचात बसवावे लागत. पुढे हीच माहिती स्मृतिघटकात साठवली जाऊ लागली. अशा माहितीच्या संचिकेला ‘कोडप्लग’ म्हणतात. हा शब्द मोटोरोला कंपनीच्या व्यावसायिक संचांच्या परिभाषेतून आला असे सामान्यतः मानले जाते. जुन्या संचांत वाहिन्यांची माहिती असलेला छोटा घटक प्लगप्रमाणे खोचला जाई, त्यावरून हे नाव पडले असावे, ही व्युत्पत्ती त्यातल्या त्यात पटणारी आहे. काही जण हा शब्द डीएमआर या अंकीय पद्धतीच्या संचांपुरताच वापरतात. मात्र शब्दाचा उगम पाहता हे बंधन आवश्यक वाटत नाही. अनेक कंपन्यांच्या संचांना चालणारे ‘चर्प’ हे मुक्त सॉफ्टवेअर २००८ च्या सुमारास पुढे आले व हौशी वर्तुळात तेच सर्वाधिक परिचित आहे.

‘संच प्रतिसाद देत नाही’ या अर्थाचा संदेश हा नवशिक्यास भेटणारा पहिला दोष होय. त्याची तपासणी ड्रायव्हरपासून (केबल चालवण्यासाठी संगणकात लागणाऱ्या सॉफ्टवेअरपासून) सुरू करावी असे एक मत आहे, तर प्लगपासून सुरू करावी असे दुसरे. दुसरे मत अधिक व्यवहार्य दिसते, कारण प्लग तपासण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. स्वस्त हँडसेटवर केनवुड या जपानी कंपनीच्या धर्तीचा ३.५ व २.५ मिलिमीटरचा जोडप्लग असतो. त्याचे प्लास्टिकचे आवरण संचाच्या कडेस अडल्याने तो बसल्यासारखा दिसतो, पण शेवटचा मिलिमीटरभर बाहेरच राहतो. प्रेषणाच्या कळीची जोडणीही याच प्लगातून जात असल्यामुळे केबल लावताच संचावरील लाल दिवा लागला, तर प्लग नीट बसलेला नाही असे समजावे. संच चालू असावा, बॅटरी भरलेली असावी आणि ज्या कंप्रतेवर कोणी बोलत नाही अशा कंप्रतेवर तो लावलेला असावा. येणारा संकेत माहितीच्या देवाणघेवाणीत व्यत्यय आणतो.

यानंतर केबलमधील यूएसबी-सीरियल चिपचा (यूएसबीचे संकेत संचास कळणाऱ्या संकेतांत बदलणाऱ्या घटकाचा) विचार करावा लागतो. पीएल २३०३, सीएच ३४०, सीपी २१०२ व एफटी २३२ या चिप केबलच्या आवरणाआड असतात आणि बाहेरून त्या ओळखता येत नाहीत. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे उद्गारचिन्ह व ‘कोड १०’ दिसल्यास चिप पीएल २३०३ प्रकारची असण्याचा संभव मोठा. तिला सरसकट ‘बनावट’ म्हणण्याचा प्रघात आहे, पण तो काटेकोर नाही : त्या चिपच्या नकला पुष्कळ झाल्या हे खरे असले, तरी तिच्या एचएक्सए या अस्सल आवृत्तीचा पाठिंबाही निर्मात्या कंपनीने २०१२ पासून थांबवला, आणि नवे ड्रायव्हर नकली व निवृत्त अशा दोन्ही चिप नाकारतात. जुन्या आवृत्तीचा ड्रायव्हर हाताने निवडल्यास दोन्ही प्रकार बहुधा चालतात. मात्र विंडोजचे पुढील अद्ययावतीकरण तो पुन्हा बदलू शकते. एफटी २३२ बाबत ऑक्टोबर २०१४ मध्ये याहून कडक प्रकार घडला. त्या वेळच्या ड्रायव्हरने नकली चिपचा उत्पादन-क्रमांक शून्य केल्याने चालत्या केबल एकाएकी ओळखेनाशा झाल्या. लिनक्समध्ये पोर्ट दिसूनही उघडत नसेल, तर वापरकर्ता ‘डायलआउट’ (सीरियल पोर्ट वापरण्याची परवानगी असलेल्या) गटात आहे का ते पाहावे. शिवाय उबुंटू या लिनक्स-प्रकाराच्या २२.०४ आवृत्तीत ब्रेल पडद्यासाठीची ‘बीआरएलटीटीवाय’ सेवा सीएच ३४० चे पोर्ट स्वतःकडे ओढून घेते. जुन्या आरएस २३२ (यूएसबीपूर्वीच्या सीरियल) पोर्टाची साधी केबल संचास थेट जोडू नये. तिच्या विद्युत् दाबाच्या पातळ्या अधिक व उलट्या असतात, आणि त्यामुळे संचास इजा होऊ शकते.

संचातील मूळ माहिती प्रथम वाचून जपून ठेवावी व त्याच प्रतीत बदल करून ती परत लिहावी. दुसऱ्या संचाची प्रत जशीच्या तशी लिहिणे, विशेषतः फर्मवेअर भिन्न असता, धोक्याचे आहे.

लेखन यशस्वी होऊनही रिपीटर उघडत नसेल (म्हणजे आपला संकेत पुढे पाठवत नसेल), तर दोष तक्त्यात असतो. २ मीटर पट्ट्यात ऑफसेट सामान्यतः ६०० किलोहर्ट्‌झ असतो आणि त्याची दिशा चुकणे नित्याचे आहे. टोनच्या रकान्यांत गफलत त्याहून सहज होते. चर्पमध्ये ‘टोन’ निवडल्यास केवळ प्रेषणासोबत टोन जातो. ‘टीएसक्यूएल’ निवडल्यास येणाऱ्या संकेतातही तोच टोन असल्याखेरीज संच मुका राहतो. शिवाय या दोन पर्यायांचे रकाने वेगळे असल्याने एकात भरलेली किंमत दुसऱ्यात जात नाही व तेथे पूर्वनियोजित ८८.५ हर्ट्‌झ तशीच राहते.

सातारा व सांगली या जिल्ह्यांत या निदानाला भूगोलाची जोड द्यावी लागते. सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आहे, आणि पश्चिमेस महाबळेश्वर-कोयना परिसरात सह्याद्रीच्या सोंडा अतिउच्च कंप्रतेच्या लहरी अडवतात. तेथे डोंगराआडचा रिपीटर न उघडणे हा तक्त्याचा दोष असेलच असे नाही. सांगली-मिरजेच्या सपाटीवर ही शंका कमी येते. निर्णय करण्यासाठी एकाच अंगणात दोन संच कमी शक्तीवर, रिपीटरविना, एकमेकांशी बोलवून पाहावेत : ते बोलले, तर कंप्रता व संच ठीक आहेत आणि ऑफसेट, टोन किंवा डोंगर एवढेच तपासायचे उरते. २००५ व २०१९ साली कृष्णेला आलेल्या महापुरांसारख्या प्रसंगी संगणकास वीज मिळेलच अशी खात्री नसते. म्हणून वाहिन्या पावसाळ्यापूर्वी भरलेल्या बऱ्या.

भारतात हौशी सेवेस १४४ ते १४६ व ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्‌झ हे पट्टे उपलब्ध आहेत. बाजारातील संच याबाहेरही प्रेषण करू शकतात आणि काहींत कारखान्यातच भरलेल्या वाहिन्या पट्ट्याबाहेरच्या असतात. त्या पुसाव्यात किंवा त्यांवरील प्रेषण बंद करावे. प्रेषणासाठी दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेचा परवाना लागतो. तो प्रतिबंधित व सामान्य अशा दोन श्रेणींत मिळतो.