एक सिरीज संपली, आता पुढची कुठली? हेरकथा आणि युद्धकथांची थोडी पार्श्वभूमी

पंधरा-वीस पुस्तकांची मोठी सिरीज संपली की दोन-तीन दिवस दुसरं काही हातात धरवत नाही. तो हिरो, त्याचा खडूस साहेब, चौथ्या पुस्तकात मेला असं वाटलेला आणि नवव्यात परत उगवलेला तो शत्रू, सगळे एकदम घर रिकामं करून गेल्यासारखं वाटतं. मग आपण कुणालातरी विचारतो की अशीच अजून एखादी सांग ना, समोरचा भराभर दहा नावं सांगतो आणि त्यातली आठ आपल्याला पन्नास पानांच्या पुढे ओढवत नाहीत. माझं हे इतक्यांदा झालंय की शेवटी मी ह्या सगळ्याचा इतिहासच धुंडाळायला लागलो, आणि तेव्हा कळलं की "मिलिटरी आणि स्पाय थ्रिलर" असं एकच काही नसतंच, गाण्यात असतात तशी ही वेगवेगळी घराणी आहेत. प्रत्येक घराणं कुठल्यातरी काळातल्या भीतीतून जन्माला आलंय आणि लिहिणारा आधी पोटापाण्याला काय करायचा त्यावर त्याचा सूर लागलाय. आपल्याला कुठलं घराणं आवडतं हे एकदा समजलं की पुढची सिरीज शोधणं बरंच सोपं जातं.

सुरुवात साधारण १९०३ पासून धरतात. अर्स्किन चाइल्डर्सचं 'द रिडल ऑफ द सँड्स' त्या वर्षी आलं. दोन इंग्रज मित्र एका छोट्या शिडाच्या बोटीतून जर्मनीच्या किनाऱ्यालगत फिरतायत आणि तिथल्या वाळूच्या बांधांमध्ये इंग्लंडवर हल्ल्याची तयारी चाललीय हे त्यांच्या हळूहळू लक्षात येतं, एवढीच गोष्ट. पण चाइल्डर्स स्वतः पट्टीचा दर्यावर्दी होता, त्यामुळे भरती-ओहोटीच्या वेळा, पाण्याची खोली, नकाशे हे सगळं इतकं नेमकं आलंय की पुढे पाणबुड्या आणि मिसाइलचे तपशील देणाऱ्या जाडजूड कादंबऱ्या ज्या आल्या त्यांचं मूळ मला तरी इथेच दिसतं. (ह्याच चाइल्डर्सला १९२२ मध्ये आयर्लंडच्या यादवी युद्धात गोळ्या घालून मारलं, त्याचं आयुष्यच एक वेगळी कादंबरी आहे.)

मग विल्यम ल क्यू. हा काही फार चांगला लेखक नव्हता पण लोकांना घाबरवणं त्याला बरोबर जमायचं. १९०६ मध्ये जर्मन सैन्य इंग्लंडमध्ये घुसल्याची त्याची मालिका 'डेली मेल'मध्ये सुरू झाली, आणि शत्रूच्या सैन्याचा मार्ग असा वळवला गेला की जिथे पेपरचा खप वाढेल ती गावं वाटेत यावीत! १९०९ मध्ये त्याने कैसरच्या म्हणजे जर्मन सम्राटाच्या हेरांवर पुस्तक काढलं, वाचक शेजारपाजारच्या जर्मन माणसांबद्दल पत्रं पाठवायला लागले, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने सीक्रेट सर्व्हिस ब्युरो काढला ज्यातून पुढे एमआय५ (देशातल्या शत्रूच्या हेरांवर नजर ठेवणारी) आणि एमआय६ (परदेशात हेरगिरी करणारी) झाल्या. ब्युरो एकट्या त्याच्यामुळे निघाला असं नाही, पण लोकांच्या मनात जी भीती पसरली त्यात ह्या गोष्टींचा मोठा वाटा होता. म्हणजे कथेतल्या हेरांनी खऱ्या हेरखात्याला हातभार लावला, आणि ही देवाणघेवाण तेव्हापासून थांबलेलीच नाही.

१९१४ मध्ये जॉन बकन आजारी पडून होता आणि त्या काळात त्याने 'द थर्टी-नाइन स्टेप्स' लिहिलं, ते १९१५ मध्ये आलं. साधा माणूस, घरात खून होतो, पोलीसही मागे आणि शत्रूही मागे, आणि त्याला पळत पळतच कोडं सोडवायचंय. हा साचा आजही चालतो. बकनने त्या रिचर्ड हॅनेवर १९३६ पर्यंत अजून चार कादंबऱ्या लिहिल्या, म्हणून सिरीज ह्या अर्थाने मी हॅनेला बऱ्याच पुढच्या हिरोंचा आजोबा मानतो.

पण ह्याच्या अगदी उलट सूरही लवकरच लागला. सॉमरसेट मॉम पहिल्या महायुद्धात खरोखर ब्रिटिश गुप्तचर खात्यासाठी स्वित्झर्लंडमध्ये आणि नंतर रशियात काम करून आला होता, आणि १९२८ च्या 'अ‍ॅशेंडेन'मध्ये त्याने काय दाखवलं तर हॉटेलात बसून वाट बघणं, रिपोर्ट लिहिणं, आणि एखाद्या मोठ्या कामात आपला वाटा नेमका कितीसा हे शेवटपर्यंत न कळणं. त्यानंतर एरिक अ‍ॅम्बलर आला, १९३९ चं 'द मास्क ऑफ दिमित्रिओस' त्याचं, त्यात तर मुख्य माणूस एक कादंबरीकार आहे जो निव्वळ कुतूहलापोटी एका गुन्हेगाराच्या मागावर निघतो. ह्या दोघांना वगळून उडी मारत कुणी थेट शीतयुद्धात गेलं तर मला वाईट वाटतं, कारण पुढचे दोन मोठे रस्ते इथूनच फुटलेत.

पहिला रस्ता इयन फ्लेमिंगचा. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश नौदलाच्या गुप्तचर विभागात अ‍ॅडमिरल गॉडफ्रेचा सहायक होता, खुर्चीत बसून धाडसी योजना आखणारा. १९५३ मध्ये 'कॅसिनो रोयाल' आलं आणि मग जमैकातल्या त्याच्या घरी दर हिवाळ्यात एक पुस्तक असा क्रम १९६४ मध्ये तो गेला तोपर्यंत. हिरोचं नाव त्याने एका पक्षीतज्ज्ञाच्या पुस्तकावरून उचललं होतं, जेम्स बाँड हे खरंखुरं त्या पक्षीतज्ज्ञाचं नाव. सिनेमे बघून पुस्तकांकडे जाणाऱ्यांना धक्का बसतो, पुस्तकातला बाँड जास्त थकलेला आहे, जखमी होतो, कधीकधी नोकरीला वैतागतो.

दुसरा रस्ता डेव्हिड कॉर्नवेल म्हणजे जॉन ल कॅरेचा, आणि इथे मी थोडा रेंगाळणार कारण माझं घराणं हेच. तो आधी एमआय५ आणि मग एमआय६ मध्ये होता, नोकरीत असल्यामुळेच टोपणनाव घ्यावं लागलं. १९६१ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली तेव्हा तो जर्मनीत पोस्टिंगवर होता आणि दोनच वर्षांत 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' आलं. त्याच १९६३ च्या जानेवारीत किम फिल्बी बैरूतहून गायब झाला आणि मॉस्कोला पोचला, म्हणजे ब्रिटिश हेरखात्यातला एकेकाळचा बडा अधिकारी वर्षानुवर्षं सोव्हिएतांचा माणूस होता हे उघड्यावर आलं. ह्या घरभेद्याची जखम ल कॅरेच्या लिखाणात कायमची राहिली, १९७४ चं 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' तर सगळं त्याच्याभोवतीच फिरतं, आणि घरभेद्यासाठी 'मोल' हा शब्द सर्वसामान्य वाचकांच्या तोंडी बसला तो ह्या पुस्तकांमुळे. त्याचा हिरो जॉर्ज स्मायली हा हेर दिसायला बुटका, जाडसर, कपडे नीट न बसणारा माणूस, हातात पिस्तूल क्वचितच, पण जुनी फाइल वाचत बसलेला असला तरी वाचताना श्वास रोखला जातो. फक्त एक लक्षात ठेवा, ही सिरीज क्रमाने एक दोन तीन अशी सरळ चालत नाही, काही पुस्तकांत स्मायली दाराआडून डोकावून जातो इतकाच. १९६३ चं ते पुस्तक, मग १९७४, १९७७ आणि १९७९ ची तीन, असं वाचलं तर गाभा हाती लागतो.

ल कॅरे आवडला आणि संपला, आता काय? तर लेन डेटन. बर्नार्ड सॅमसन ह्या ब्रिटिश हेरावर त्याच्या तीन-तीन पुस्तकांच्या तीन माळा आहेत, पहिलं 'बर्लिन गेम' १९८३ चं. इथे मात्र क्रम अजिबात मोडायचा नाही. बर्नार्ड स्वतः गोष्ट सांगतो आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवत जातो, आणि सहाव्या पुस्तकात डेटन अचानक त्याच्या डोक्यातून बाहेर येऊन तीच वर्षं बाहेरून दाखवतो, तेव्हा आधीच्या पाच पुस्तकांचा अर्थच पालटतो. एवढा मोठा डाव एका सिरीजमध्ये मी दुसरीकडे वाचलेला नाही.

इंग्रजीबाहेरही हे चालूच होतं. सोव्हिएत बाजूने युलियन सेम्योनोवने स्टिर्लिट्झ उभा केला, नाझी अधिकाऱ्याच्या गणवेशातला रशियन हेर, १९७३ मध्ये त्याच्यावरची टीव्ही मालिका प्रचंड गाजली. फ्रेंचमध्ये जेरार द व्हिलिएने १९६५ पासून २०१३ मध्ये मरेपर्यंत एका सिरीजची २०० पुस्तकं लिहिली.

आता युद्धकथांकडे. ज्यांना हेरापेक्षा जहाज, पलटण, हुकूम, शिस्त ह्यात रस आहे त्यांचं घराणं समुद्रावरून येतं. सी. एस. फॉरेस्टरचा हॉर्नब्लोअर १९३७ चा, त्यानंतर पॅट्रिक ओब्रायनची ऑब्री-मॅट्युरिन सिरीज, २० पूर्ण कादंबऱ्या, आणि त्यात कॅप्टनचा मित्र असलेला डॉक्टर हा निसर्ग अभ्यासकही आहे आणि हेरही, म्हणजे एकात दोन. बर्नार्ड कॉर्नवेलचा शार्प १९८१ पासून, नेपोलियनच्या काळातला पायदळाचा शिपाई. पण लेखकाने आधीची वर्षं नंतर लिहिलीत, त्यामुळे कुठून सुरू करायचं यावर वाचकांत कायम वाद असतात. मी प्रकाशनाच्या क्रमाने वाचतो कारण लेखकाचा हात कसा बसत गेला हे दिसतं.

आणि मग १९८४. मेरीलँडमधला एक विमा एजंट, सैन्यात कधी गेलेला नाही, पाणबुडीवर कादंबरी लिहितो आणि ती छापतं कोण तर अमेरिकेच्या नेव्हल इन्स्टिट्यूटचं प्रकाशन, ज्यांनी त्याआधी नवी कादंबरी कधी काढलीच नव्हती. टॉम क्लॅन्सी, 'द हंट फॉर रेड ऑक्टोबर', आगाऊ मानधन ५,००० डॉलर. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तोंडभरून कौतुक केलं आणि पुस्तक उसळलं. नौदलातल्या लोकांना वाटलं ह्याला गुप्त माहिती कुठून मिळाली, पण त्याने उघड उपलब्ध पुस्तकं, नियतकालिकं आणि माणसांशी गप्पा ह्यातूनच सगळं जुळवलं होतं. पुढच्या 'रेड स्टॉर्म रायझिंग'मधल्या नाविक लढाया तर त्याने लॅरी बाँडबरोबर 'हार्पून' नावाच्या युद्धखेळावर खेळून बघितल्या. टेक्नो-थ्रिलर म्हणतात ते इथून रुळलं. क्लॅन्सीचा हिरो जॅक रायन सीआयएचा विश्लेषक म्हणून सुरू होतो आणि थेट राष्ट्राध्यक्ष होतो, इतका लांब चढ मोजक्याच हिरोंच्या वाट्याला येतो.

१९९१ मध्ये सोव्हिएत युनियनच संपलं आणि ह्या सगळ्या लेखकांचा शत्रू एका रात्रीत गेला. ड्रग माफिया, चोरीला गेलेला अणुबॉम्ब, व्यापारयुद्ध असं काय काय करून बघितलं गेलं पण जुनी धार नव्हती. ती परत आली २००१ नंतर, आणि तेव्हा हिरो बदलला, विश्लेषकाच्या जागी बंदूकवाला कमांडो आला. विन्स फ्लिनचा मिच रॅप १९९९ मध्येच आला होता, ब्रॅड थॉरचा हार्वथ २००२ मध्ये, आणि ह्या घराण्यातलं ताजं मोठं नाव जॅक कार, जो स्वतः नेव्ही सील म्हणजे अमेरिकन नौदलाचा कमांडो होता. त्याचं पहिलं पुस्तक २०१८ चं, संरक्षण खात्याने तपासणीत खोडलेल्या ओळी त्याने छापील पानावर काळ्या पट्ट्यांसकट तशाच ठेवल्यात. वेग पाहिजे, हाणामारी पाहिजे, हत्यारांची नेमकी नावं पाहिजेत तर इकडे जा, स्मायलीवाल्याला हे कदाचित झेपणार नाही आणि त्यात कुणाचीच चूक नाही.

मधली वाट पाहिजे असेल तर डॅनियल सिल्वाचा गॅब्रिएल अ‍ॅलन, २००० पासून जवळजवळ दरवर्षी एक. हा जुनी चित्रं दुरुस्त करणारा कारागीर आणि इस्रायली हेर. आतल्या माणसांनी लिहिलेलं हवं तर एमआय५ च्या माजी प्रमुख स्टेला रिमिंग्टन बाईंची लिझ कार्लाइल आहे, सीआयएत अख्खी कारकीर्द काढलेल्या जेसन मॅथ्यूजची 'रेड स्पॅरो'पासूनची तीन पुस्तकं आहेत, पाळत कशी चुकवायची हे वाचताना आपणच रस्त्यावर मागे वळून बघायला लागतो. आणि मिक हेरन, जो हेर कधीच नव्हता, त्याचं 'स्लो हॉर्सेस' २०१० मध्ये आलं तेव्हा फारसं खपलं नाही, २०१३ मध्ये दुसऱ्या पुस्तकाला गोल्ड डॅगर हे गुन्हेकथांचं मोठं बक्षीस मिळालं, २०२२ मध्ये टीव्हीवर आलं आणि मग सगळीकडे झालं. चुका करून अडगळीत टाकलेले हेर ही कल्पना, पण आत ल कॅरेचंच दुःख आहे.

एक गोष्ट मात्र नवीन सिरीज घेताना नक्की बघा, मुखपृष्ठावर मोठं नाव कुणाचं आणि खाली बारीक अक्षरात कुणाचं. फ्लेमिंगनंतर १९६८ मध्ये किंग्जली एमिसने टोपणनावाने बाँड लिहिला, जेसन बॉर्नची सिरीज लिहिणारा रॉबर्ट लडलम २००१ मध्ये गेला तरी बॉर्न चालूच राहिला, क्लॅन्सी आणि फ्लिन दोघेही २०१३ मध्ये गेले आणि दोन्ही सिरीज दुसऱ्यांनी पुढे नेल्या. काहींनी छान नेल्या, फ्लिननंतर काइल मिल्सने रॅपला चांगलं सांभाळलं असं माझं मत, पण मूळ लेखकाची पुस्तकं आधी वाचून मग तिकडे वळावं. आणि ल कॅरेच्या बाबतीत तर त्याच्या मुलानेच, निक हार्कवेने, २०२४ मध्ये 'कार्लाज चॉइस' लिहिलं, गोष्ट १९६३ मध्ये घडते, म्हणजे 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड'नंतर आणि 'टिंकर टेलर'च्या आधी जी मोठी फट राहिली होती बरोबर तिथे. मी ते उघडायला दोन महिने घाबरत होतो, शेवटी उघडलं, आणि स्मायली चष्मा पुसत आत आला.